गंगाधरमामांचा उजवा पाय

आमचे शेजारी गंगाधरमामा सोनकांबळे बसल्या जागी ब्रेक मारतात. गाडीत नव्हे हो, घरात! टीव्हीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, हातात चहाची बशी धरून, उजव्या पायानं फरशीवर कचकन. क्रिकेट चालू असतं, चेंडू उंच उडालेला असतो, दोन खेळाडू वर बघत एकमेकांच्या अंगावर धावत असतात आणि इकडे मामांचा पाय खाली गेलेला असतो. बशीतला चहा लेंग्यावर. "अरे येड्या, समोर बघ की समोर!" मामा ओरडतात. कमलमामी स्वयंपाकघरातून फडकं फेकतात, तेही आता न बघता.

मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. नांदेड, नायगाव, मुखेड आणि परत, उभी हयात त्यात गेली. रिटायर झाल्यावर गाडी दुसऱ्याच्या हाती गेली, पण ब्रेक तेवढा मामा घरी घेऊन आले. "सगळ्या नोकरीत साधं कोंबडं मारलं न्हाई आपण," असं ते छाती काढून सांगतात. मुखेडची माणसंही ते मान्य करतात. फक्त वर म्हणतात की मामांची गाडी कोंबडीला गाठेल एवढी पळालीच कधी?

मी शाळामास्तर, म्हणून मामा मला 'सर' म्हणतात. मी त्यांना एकदाच माझ्या स्कूटरवर मागं घेतलं. डोळे तपासायला दवाखान्यात जायचं होतं. मामांचा पाय इतक्या वेळा रस्त्याला टेकला की चौकात त्यांची उजवी चप्पल मागं राहिली आणि ती आणायला आम्ही उलटे फिरलो.

"सर, म्हैस हाय समोर."

"मामा, ती पलीकडं खुंट्याला बांधलेली आहे."

"बांधलेली हाय वो, पर दाव्याचा काय भरोसा?"

भरोसा हा मामांचा आवडता शब्द. तो कशाकशावर नाही हे सांगायला त्यांना तो लागतो. लिफ्टवर नाही, गॅसच्या नळीवर नाही, गरागरा फिरणाऱ्या पंख्यावर तर मुळीच नाही. मांडवात जेवायला बसताना ते आधी खांब हलवून बघतात. "भरोसा ठेवावा मान्सानं," ते म्हणतात, "पर ब्रेक आपल्या पायात पायजे."

या घरातली कंडक्टरकी मात्र मामींकडं. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल. मामींनी हा कायदा लग्नानंतर लगेच लागू केला असावा. मामांचं बोलणं फार लांबलं की त्या हातातलं उलथनं तव्यावर एकदा वाजवतात. टण्. मामा वाक्याच्या मधोमध थांबतात. दोनदा वाजलं की उठून बाजारात जातात. मामी स्वतः फार बोलत नाहीत. लहानखुरी, सावळी, हसली तर तोंडावर पदर धरणारी बाई. नांदेड, मुखेडचं माहेर आणि लातूरला नर्स असलेली लेक, एवढंच त्यांचं जग.

आणि या बाईनं हिमालयात जायचं ठरवलं!

त्याचं असं झालं. आमच्या कॉलनीतल्या बायका रोज सकाळी शाळेच्या मैदानाला चकरा मारतात. माझी बायको सुनंदा त्यांची पुढारी. चकरा मारता मारता त्यांचं डोकं एकदम एवढं वर कसं गेलं कोण जाणे, पण एका सकाळी जाहीर झालं की उन्हाळ्याच्या सुट्टीत मनाली. बर्फ, रोपवे, नदीत रबरी होडी आणि छत्रीला लटकून हवेत उडणं. आपल्या नांदेडहून अमृतसरची गाडी निघतेच, अंबाल्याला उतरायचं आणि पुढं टेम्पो ट्रॅव्हलर. नवरे नाहीत. "नवरे आले की त्यांच्या चहाचं बघावं लागतं," सुनंदा म्हणाली. "मग हिमालय कधी बघायचा?"

बैठका आमच्या हॉलमध्ये भरायच्या. मामांना कुणी बोलावलेलं नसायचं, पण ते येऊन दारापाशी बसायचे. पहिल्याच बैठकीत सुनंदानं विचारलं, "कोण कोण नक्की?" तेव्हा मामींनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. दारापाशी कचकन आवाज झाला. आमच्या पायपुसण्यासकट मामा फूटभर पुढं सरकले होते.

त्या दिवसापासून मामांची झोप उडाली आणि त्यांनी आमची उडवली.

"ताई, त्या छत्रीला ब्रेक कुठं असतो?" त्यांनी सुनंदाला विचारलं.

"मामा, मागं एक शिकवलेला माणूस बांधलेला असतो."

"त्या मान्साला ब्रेक असतो का?"

एकदा सुनंदानं बायकांना रस्ता दाखवायला म्हणून टीव्हीवर मनालीच्या घाटाचा व्हिडिओ लावला. एका बाजूला कडा, एका बाजूला खोल दरी, खाली नदी आणि प्रत्येक वळणावर समोरून ट्रक. बायका "अगं बाई, किती छान!" म्हणत होत्या. मामा खुर्चीचे हात घट्ट धरून ब्रेकवर ब्रेक मारत होते. व्हिडिओ संपला तेव्हा त्यांच्या पिंढरीत गोळा आला होता आणि त्यांना उठता येईना. शेवटी मी आणि मामींनी धरून त्यांना घरी पोचवलं. व्हिडिओ बघून पायात गोळा आलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

चूक माझीही झाली. मी शाळेत भूगोल शिकवतो. हिमालय मी फळ्यावर शेकडो वेळा काढलाय, प्रत्यक्ष माहूरगडापेक्षा उंच काही पाहिलेलं नाही. तर मी आपला मास्तरकीच्या भरात बोलून गेलो की हिमालय हा तरुण पर्वत आहे, अजून वाढतोय.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "वाढतोय? म्हंजे अजून हालून राहिलाय का?"

"अगदी थोडासा, मामा. जाणवत पण नाही."

"थोडासा का असंना! हालत्या वस्तूवर मान्सं काहून नेऊन राहिले तुम्ही?"

याला भूगोलाच्या पुस्तकात उत्तर नाही.

मग त्यांनी मामींचं मन वळवायचा सपाटा लावला. डोंगरच बघायचा तर माहूर काय वाईट आहे? पाणीच बघायचं तर सहस्रकुंडाचा धबधबा घरच्यासारखा आहे. मामी भाकरी थापत ऐकत होत्या. मी ताक मागायला गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलंय.

"माहूरला बर्फ हाय का?" मामींनी विचारलं.

"बर्फ पायजे तर रसवंतीवर मिळतं की लागंल तेवढं!"

"मला एकदा वरून बघायचंय. जमीन वरून कशी दिसती ते."

"मग गच्चीवर जा."

"गच्चीवरून तुमचं टकलंच दिसतं," मामी म्हणाल्या आणि उलथनं तव्यावर एकदा वाजवलं. मामा थांबले. ताक घेऊन मी हळूच सटकलो.

मामींच्या पुढं डाळ शिजत नाही म्हटल्यावर मामांनी थेट टेम्पोवाल्या ड्रायव्हरलाच गाठलं. सुनंदाकडून नंबर घेऊन त्यांनी माझ्या देखत फोन लावला. "भैया, तुमकू नींद बराबर आती क्या? आँखां तपासे क्या? ब्रेक कब देखे?" पलीकडून खूप हसण्याचा आवाज आला आणि मग तो पोरगा म्हणाला, "अंकलजी, टेंशन मत लो."

मामांनी फोन ठेवला. चेहरा पांढराफटक. "सर, ऐकलं का? टेन्शन घेऊ नका म्हणतो! ज्याला टेन्शन न्हाई त्याच्या हातात स्टेअरिंग कसं द्यावं?"

मी हसलो. खोटं कशाला बोलू, तोवर मला सगळी गंमतच वाटत होती. पण भीती ही खरजेसारखी असते. शेजारचा खाजवायला लागला की थोड्या दिवसांनी आपल्यालाही सुटते. मी पेपरात दरड कुठं कोसळली ते आधी वाचायला लागलो. सुनंदा नवे बूट घालून घरात फिरताना दिसली की त्यांचे तळ घसरडे नाहीत ना ते मी वाकून बघायचो. "ते दोर कोण तपासतं गं?" मी एकदा जेवता जेवता विचारलं. ती म्हणाली, "झालं! सोनकांबळेमामांचं वारं लागलं तुम्हाला."

निघायच्या दोन दिवस आधी मामांनी मला नाक्यावरच्या हॉटेलात नेलं. दोन चहा सांगितले आणि प्यायचं विसरून बशीकडं बघत बसले.

"मामा, तुम्ही पण जा ना सोबत," मी म्हणालो. "बायका काय तुम्हाला नाही म्हणतील?"

"कसा जाऊ? दुसऱ्याच्या मागं बसून घाट चढायचा म्हंजे गाडीच्या आधी मीच मरंन. अन् माझं बघून तिला धड दिसंन का डोंगर?" त्यांनी बशी बाजूला सारली. "सर, मला लई भ्या वाटून राहिलं. खरंच वाटून राहिलं."

"अहो, हजारो माणसं जातात आणि येतात."

"हजारो जातात वो," मामा म्हणाले. "माझी एकच हाय."

दोघांनी थंडगार चहा पिऊन टाकला.

गाडीच्या दिवशी सकाळी स्टेशनावर नुसता गोंधळ. बायकांच्या पिशव्या, चिवड्याचे डबे, स्वेटरं. मामांनी पिशवीतून एक लाकडाचा तिरका ठोकळा काढला. एस.टी.चे लोक गाडी चढ-उतारावर उभी केली की चाकाखाली लावतात तसला. सुताराकडून खास करून आणलेला, तासून गुळगुळीत केलेला. वर धरायला सुतळीची मूठ.

"गाडी कुठंबी थांबली की आधी उतर," ते मामींना सांगत होते. "चढावर असली तर चाकाला मागून लाव. उतारावर असली तर पुढून. ड्रायव्हरच्या भरोशावर राहू नको. कळलं का?"

बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मला वाटलं, आता मामी नक्की चिडणार. त्यांनी ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, लुगड्याच्या घडीत गुंडाळला आणि पिशवीत खाली तळाला ठेवला.

गाडीचा भोंगा झाला. मामी खिडकीत बसल्या होत्या. मामा खिडकीच्या गजाला धरून उभे. वाटलं, आता हा माणूस गज सोडायचाच नाही, गाडीबरोबर पूर्णेपर्यंत पळत जाणार. मामींनी फक्त त्यांच्याकडं बघितलं. मामांनी खिशातून एक रुपया काढला आणि गजावर वाजवला. टण्. आणि मग, बऱ्याच वेळानं, आणखी एकदा. टण्.

"चला," ते म्हणाले आणि मागं सरकले.

सुनंदानं निघण्याआधी एक सोय केली होती. तिचा फोन कुठं आहे ते माझ्या फोनवरच्या नकाशात दिसायचं, एक निळा ठिपका. आगगाडीत होत्या तोवर मामा निर्धास्त होते, कारण रुळांवर म्हणे वळायला जागाच नसते. अंबाल्याला बायका टेम्पोत बसल्याचा संध्याकाळी फोन आला, रात्री वाटेत मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला मामा माझ्या दारात हजर. "सर, तेवढा ठिपका दाखवा."

बाहेर नांदेडचं मे महिन्यातलं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरात कूलर खडखडतोय. मी फोन उशीला टेकवून पलंगावर उभा केला आणि आम्ही दोघं दोन खुर्च्या ओढून त्याच्यासमोर बसलो. मंडीच्या पुढं ठिपका घाटात शिरला. नदीच्या कडेकडेनं, सापासारख्या रस्त्यानं, हळूहळू. मामांचा पाय सुरू झाला. प्रत्येक वळणाला कचकन. "हळू रे बाबा, हळू. हॉर्न दे. डावीकडून घे, हां." जणू तो पोरगा तिकडून ऐकतोय. मी हसलो नाही. मला हसू येतच नव्हतं.

एका तीव्र वळणावर, अगदी नदीला चिकटून, ठिपका थांबला.

"चहाला थांबले असतील," मी म्हणालो.

थोडा वेळ गेला. ठिपका तिथंच. मी सुनंदाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मामींना लावला. तेच. बाकीच्या बायकांना एकेक करून लावला. फोनमधली तीच बाई तेच सांगत होती. नकाशात रस्ता पांढरा दिसतो आणि नदी निळी, आणि तो निळा ठिपका नक्की कशावर आहे, रस्त्यावर की नदीत, हे मला बोटांनी चित्र मोठं करून करूनही कळेना. आयुष्यभर पोरांना नकाशे शिकवले. मला स्वतःला पहिल्यांदाच नकाशाची भीती वाटली.

मामांचा पाय फरशीवर दाबलेला होता तो वर उठेचना. त्या पायाची शीर न् शीर ताणलेली होती.

"सर," ते एकदम म्हणाले, "माझी मुक्कामी गाडी असायची."

मुक्कामी गाडी म्हणजे जी संध्याकाळी गावात जाते, तिथंच थांबते आणि सकाळी परत येते. मला वाटलं, मामा मन दुसरीकडं वळवतायत.

"पावसाळ्यात मुखेडकडं ओढ्याला पानी आलं की गाडी पल्याड अडकायची. कवा कवा दुसऱ्या दिशी दुपारी यायचो घरी. फोन तर नव्हतेच. ही उंबऱ्यावर बसलेली असायची. तशीच. केस विंचरलेले न्हाईत, चूल पेटवलेली न्हाई. मी वरून वरडायचो हिच्यावर. अशी काहून बसली? मी काय मेलो का? ही उठायची, म्हणायची, जेवलात का? बस. दुसरा शब्द न्हाई."

मामा फोनकडंच बघत होते. डोळे भरून आले होते, पण पुसायचं भान नव्हतं.

"मी म्हणायचो, घरी बसलेल्या बाईला कसली आलीय फिकर? गाडी तर मी चालवतो. आता कळून राहिलं, सर. माझ्या पायाखाली ब्रेक तरी होता. हिच्या पायाखाली काय होतं?"

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. कूलरचं पाणी संपून तो नुसताच घरघरत होता, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

फोन वाजला तेव्हा मी इतका दचकलो की तो पलंगावरून खालीच पडला. मामांनी उचलला, उलटा कानाला लावला, मग सुलटा. "हॅलो!" ते ओरडले.

"अहो, मी बोलते!" मामींचा आवाज. मागं बायकांचा नुसता खिदळण्याचा गलका. "हॅलो, ऐकू येतंय का?"

मामांनी फोन माझ्यापुढं धरला. मी फोन घेऊन स्पीकर लावला.

"गाडी मक्याची कणसं खायला थांबली होती. उतारावर, रेंज न्हाई तिथं. मी उतरले अन् मागच्या चाकाला तुमचा ठोकळा लावला, पुढून, तुम्ही सांगितलं तसा. मग सगळे बसले अन् गाडी काही पुढं जाईना! ड्रायव्हर उतरला, टोपण उघडलं, इंजिन बघितलं, दुसऱ्या गाडीवाल्यांना बोलावलं. समद्या जणी घाबरल्या. मग मला आठवलं. पोरगं हसून हसून रस्त्यातच बसलं वो! म्हणतो, अंकलजींचा ब्रेक लई भारी हाय."

मी हसायला लागलो ते थांबेचना. सुटल्यावर जसं येतं ना, तसं हसू. मामा हसत नव्हते. ते फोनकडं वाकून, अगदी तोंड लावून म्हणाले, "ठोकळा काढून घेतला का परत?"

"घेतला की. पिशवीत ठेवला."

"हां. लावत जा."

"लावते. प्रत्येक टायमाला लावते," मामी म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आला. "तुम्ही जेवलात का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"हाव," ते म्हणाले. "जेवलो. तू बघ डोंगर. खिडकीतून नीट बघ."

फोन बंद झाला. मी आत जाऊन दोन ताटं वाढून आणली, पिठलं आणि सकाळची भाकरी. मामांनी ताट मांडीवर घेतलं आणि पहिला घास हातात तसाच राहिला, कारण नकाशावर ठिपका हलला होता. हळूहळू, नदीच्या कडेनं, तो पुढच्या वळणापाशी आला.

फरशीवर कचकन आवाज झाला. माझ्या ताटातलं पिठलं लेंग्यावर सांडलं.

मामांनी माझ्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हळू, सर," ते म्हणाले. "एवढा दाबू नका. मागं बाया बसल्यात."